सावकाश मिटमिटणारे दिवे

"हे पुन्हा काऊन लिहिलं, ताई?"

माझ्या खुर्चीमागे उभी राहून, मान तिरपी करून स्क्रीनवरचा माझा कोड बघत ती एवढंच कारण विचारायची. आवाजात टोमणा नसायचा. असता तर बरं झालं असतं, मला रागावता तरी आलं असतं. तुमच्याही ऑफिसात असं कुणी असेल, ज्याच्यात खोट काढायला बसावं आणि हाती काही लागू नये.

वर्ध्यात आमचं छोटं ऑफिस होतं. घरातले दिवे, पंखे, पाण्याची मोटर आपोआप चालावी अशी सोय आम्ही करून देत असू. मी जुनी, ती माझ्यानंतर आलेली.

नालवाडीतल्या एका घरी काका लकव्यानं अंथरुणाला खिळलेले आणि काकूंना ऐकू येत नव्हतं. काकांनी उशाजवळचं बटण दाबलं की घरभर दिवे मिटमिटावेत, म्हणजे काकूंना कळेल, ही कल्पना माझी. प्रत्येक खोलीसाठी मी तोच कोड पुन्हा उतरवला, फक्त दिव्याचं नाव बदललं.

काही दिवसांनी काकू म्हणाल्या, "लाइट लय फडफडते, बेटा. धस्स होते मले."

मी तिथेच लॅपटॉप उघडून एकेका खोलीचा कोड दुरुस्त करायला घेतला. ती सोबत होती. तिनं तिचा नेहमीचा प्रश्न विचारला.

"प्रत्येक खोली वेगळी आहे म्हणून," मी म्हणाले.

"वेगळं त फक्त नाव आहे ना, ताई."

तिनं मिटमिटण्याची रीत एकाच जागी लिहिली, खोलीच्या नावापुरती जागा मोकळी सोडली आणि खाली सगळी नावं दिली. मग त्या एकाच जागी वेग कमी केला. काकांनी बटण दाबलं. सगळं घर पापण्या लवाव्यात तसं सावकाश मिटमिटलं. काकू हसल्या आणि चहाचा पहिला कप त्यांनी तिच्या हातात दिला.

परत येताना गाडीवर मागे बसून ती म्हणाली, "बटण तुम्हाले सुचलं नसतं, तर मी काय सोपं केलं असतं?" ती खरंच तसं मानत होती. त्यानं मी आणखीच जळले. तिचा तो कोड मी कितीदा तरी उघडला, चूक सापडेल म्हणून. दर वेळी थोडं शिकूनच उठले.

पुढे बंगळुरूच्या एका कंपनीत आम्ही दोघींनी मुलाखत दिली. तिला घेतलं. निघताना तिनं मला घट्ट धरलं. "तिकडं येजो, ताई." हसून हसून माझे गाल दुखत होते.

परवा काकूंनी मागच्या अंगणात पत्र्याची शेड टाकली, म्हणून मला बोलावलं. तिच्या कोडमध्ये मी शेडचं नाव तेवढं घातलं. काम संपलं.

काकूंनी विचारलं, "ते दुसरी पोरगी नाई आली? हे सारं तिनंच केलं ना?"

त्या माझ्या ओठांकडे बघत थांबल्या. "बटण माझं होतं," असं म्हणायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात आमच्या डोक्यावरचा शेडमधला दिवा सावकाश मिटमिटला.

"आली, आली," म्हणत काकू काकांकडे गेल्या.