खांब नसलेला मॅप

लेक काय करते, असं बदनापुरात कुणी बेबीनंदाबाईंना विचारलं की त्या अभिमानानं सांगत, "घरीच बसून कंप्यूटरवर नकाशे काढती." त्यामुळे महिन्याकाठी एखादा तरी शेजारी बांधाच्या भांडणाचे कागद घेऊन दारात हजर होई. मग प्रांजलीला तासभर समजावून सांगावं लागे, की हे नकाशे जमिनीचे नाहीत, पुण्यातल्या एका कंपनीच्या बंदुकीच्या खेळाचे आहेत. पाहुणा चहा पिऊन, मान डोलावून निघून जाई. पुढच्या महिन्यात त्याचा मेहुणा कागद घेऊन येई.

प्रांजलीचं काम तसं सांगायला अवघडच. त्या खेळात पडद्यावर आपले हात आणि बंदूक एवढंच दिसतं, बाकी सगळं समोरचं जग. वीस जण एकमेकांच्या मागावर असतात. पळायचं, घसरायचं, भिंतीवर दोन पावलं टाकून पलीकडे उडी घ्यायची, मनगटातला दोर फेकून कशाला तरी अडकवायचा. नेम कितीही चांगला असो, पाय थांबले की माणूस गेला, अशी त्या खेळाची रीत. आणि त्या पळण्यासाठी गल्ल्या, गच्च्या, जिने, उड्या मारायची अंतरं हे सगळं आधी कुणीतरी रचायला लागतं. त्याला तिथं मॅप म्हणतात. तीन वर्षं प्रांजलीनं दुसऱ्यांच्या मॅपमधले जिने आणि दरवाजे बसवले. या वर्षी पहिल्यांदा तिला एक आख्खा मॅप मिळाला होता, स्वतःचा.

तिनं त्यात कापसातून सरकी काढायची जिनिंग मिल उभी केली. गावाबाहेर एक बंद पडलेली जिनिंग आहे, तिथं जाऊन तिनं दोनशे फोटो काढून आणले होते. सरकी साठवायचं गोदाम, कापसाच्या गठाणी, लांबच लांब पत्र्याची शेड, मधलं आवार. मॅप इतका देखणा झाला, की कंपनीतल्या पोरांनी त्याचे फोटो काढून एकमेकांना पाठवले. फक्त एकच घोळ झाला. तिथं कुणी पळेना.

खेळून बघायला बसवलेली वीस पोरं पहिलं मिनीटभर पळत, मग एखाद्या गठाणीमागं जाऊन बसत आणि समोर कुणी यायची वाट बघत राहत. सोमवारी तरन्नुमचा फोन आला. तरन्नुम ही पुण्यातली तिची वरिष्ठ, आवाज कधी चढवत नसे.

"प्रांजली, मॅप सुंदर आहे. पण लोक थांबतायत. शुक्रवारी शेवटची चाचणी. तेव्हाही बसले, तर मला हा मॅप काढावा लागेल. खेळात सातऐवजी सहाच मॅप जातील."

ओरडली असती तर प्रांजलीला बरं वाटलं असतं. इतक्या शांतपणे सांगितल्यावर वाद घालायलाही जागा उरत नाही.

मंगळवारी तिनं निम्म्या गठाणी हटवल्या. पोरांनी बसायला गोदामाचा दरवाजा शोधला. बुधवारी तिनं गल्ल्या रुंद केल्या, कुणी कशाला धडकू नये म्हणून कोपरे अजून गोल केले. बसणारे उलट वाढले. गुरुवारी सकाळी तिनं जवळजवळ हात टेकले होते. आई दोनदा जेवायला बोलवून गेली, ती जागची हलली नाही.

याच दिवशी धर्मराज सर आले. सर म्हणजे शाळेतले खो-खोचे मास्तर, आता रिटायर, पण मैदान काही सुटलं नव्हतं. आठवीपासून बारावीपर्यंत प्रांजली त्यांच्या संघात होती आणि तिच्यासारखी पाठलाग करणारी पोरगी तालुक्यात नाही, असं सर चारचौघांत म्हणत. बारावीला जालन्यात जिल्ह्याचा अंतिम सामना होता. शेवटचं एक मिनीट उरलं असताना पुढं पळणाऱ्या पोरीच्या मागं ती सुसाट निघाली, खांबाला हात घातला आणि वळली. अंग वळलं, पाय मात्र मातीत रुतला तो तसाच राहिला. पुढं ऑपरेशन झालं, गुडघा बरा झाला. प्रांजली काही बरी झाली नाही, असं तिची आई म्हणे. स्टेशनला जायचं तर रस्ता शाळेच्या मैदानावरून जातो, पण ही आठ वर्षं बाजारातून वळसा घालून जात होती. सर दर हिवाळ्यात तिला मैदानावर बोलवायला येत आणि ती दर हिवाळ्यात काहीतरी सबब सांगे.

"आठवीच्या पोरी खांबापाशी आल्या की हळू होतात," सर खुर्चीवर टेकत म्हणाले. "सांगून सांगून थकलो मी. तू एकदा येऊन दाखव."

"सर, या आठवड्यात बिलकुल जमणार न्हाई. उद्या माझी परीक्षाच हाय."

"काय करून राह्यली एवढं?" सरांनी खिशातून चष्मा काढला.

पडद्यावर मॅपचं वरून दिसणारं चित्र होतं. वीस पोरं कुठून कुठं गेली, त्याच्या वीस रंगीत रेघा. सर पुढं झुकले आणि हसले. सामना चालू असला की ते शाळेच्या गच्चीवर चढून बसत आणि लाल पेन्सिलीनं वहीत प्रत्येक पोरीच्या पळण्याची रेघ काढत. संघाला सामन्यानंतर शिव्या पडत त्या त्या वहीवरूनच. एवढ्या वर्षांत दुसऱ्या कुणाच्या हातची अशी वही त्यांनी पाहिली नव्हती.

"हे जाड ठिपके कशाचे?"

"तिथं पोरं बसून राह्यली, सर. चाळीस-चाळीस सेकंद."

"चाळीस सेकंद माणूस बसला म्हणजे त्याला मागचं भ्याव न्हाई. मागचा येऊन राह्यला, पण हळू येऊन राह्यला." त्यांनी बोट शेडच्या टोकावर ठेवलं. "हे बघ. हितं सगळे एस्टीसारखे वळून राह्यलेत. एवढा मोठा घेर घेऊन. पुढचा निवांत बसंल न्हाई तर काय करंल? अन् आपल्याकडं बसणाऱ्या पोरी कशा बसतात? एकीचं तोंड हिकडं, दुसरीचं तिकडं. तू सगळ्यांना भिंतीला पाठ लावून दिलीस."

प्रांजलीनं वही ओढली आणि लिहायला लागली.

"ते जाऊ दे," सर म्हणाले. "खांब कुठं हाय?"

"कसला खांब, सर?"

"वळायचा. जोरात आलेल्या माणसाला जोरात वळायचं तर हाताला काहीतरी धरायला लागतं." त्यांनी रेघा पुन्हा एकदा नीट बघितल्या, चष्मा काढला आणि पुसत बसले. "तू खांबच ठेवला न्हाई, प्रांजली."

मग सर चहा प्याले, बेबीनंदाबाईंच्या तुरीची चौकशी केली आणि गेले.

सर गेल्यावर तिनं जिनिंगचे फोटो उघडले. शेडचा पत्रा तोलून धरणारे लोखंडी खांब फोटोत ओळीनं उभे होते, दोन्ही टोकांना एकेक जाड खांब आणि मधे बारीक. मॅप रचायला घेतला त्याच दिवशी तिनं ते सगळे काढून टाकले होते. नजर अडते म्हणून काढले, असं तिनं तरन्नुमला सांगितलं होतं आणि स्वतःलाही. वळताना माणूस खिळून राहील अशी एकही जागा तिनं आख्ख्या मॅपमध्ये ठेवली नव्हती. पळण्याचा मॅप म्हणून तिनं दुखऱ्या गुडघ्याचा मॅप काढला होता. तिला लाज वाटली आणि खरं सांगायचं तर रडूही आलं.

मग डोळे पुसून ती कामाला लागली. टोकांचे दोन्ही खांब परत उभे राहिले. दोर त्यांना अडकेल आणि धरून फिरलं तर वेग तसाच राहील, असं तिनं केलं. गठाणी परत आणल्या, पण एकीआड एक उलट्या तोंडानं, म्हणजे जो बसेल त्याची पाठ कुणाला ना कुणाला दिसणारच. दुपारी तीनला ती स्वतः पळून बघायला बसली. आवारातून सुसाट आली, दोर फेकला, खांबाला अडकवला आणि अर्ध्या वळणात सोडून दिला. भिंतीवर आपटली. पडद्यावरचा गुडघा दुखत नाही, हे न कळायला ती काही लहान नव्हती. तरी टेबलाखाली उजवा पाय आपोआप फरशीत रुतत होता आणि बोट कीबोर्डच्या कळीवरून निसटत होतं. असं पाच वेळा झालं. सहाव्या वेळी तिनं पाय खुर्चीवर वर घेतला, मांडी घातली आणि दोर सोडला नाही. शेड गर्रकन फिरली, मागचं पुढं आलं, वेग जसाच्या तसा. ती एकटीच हसली. मग तिनं तेच अजून वीस वेळा केलं आणि दिवेलागणीच्या आत मॅप पुण्याला पाठवून दिला.

शुक्रवारी अकराला चाचणी सुरू झाली. प्रांजली घरून बघत होती. पहिलं मिनीट सगळे पळाले, तसे तर ते रोजच पळत. दुसऱ्या मिनिटाला एक पोरगा गठाणीमागं बसला. तेवढ्यात शेडच्या टोकाकडून एक जण वाऱ्यासारखा आला, खांबाला दोर टाकून फिरला आणि बसलेल्याच्या पाठीमागं उतरला. बसलेला उठून पळत सुटला. त्यानंतर कुणी बसलंच नाही. वीस मिनिटांनी रेघांचं चित्र आलं. त्यात जाड ठिपका एकही नव्हता आणि दोन्ही खांबांभोवती रेघांची वेटोळीच वेटोळी झाली होती.

"पोरं अजून एक डाव मागतायत," तरन्नुम म्हणाली. "मॅप राहतोय, प्रांजली. हा खांब तुला अचानक कसा सुचला?"

"सुचला न्हाई. होताच तिथं," प्रांजली म्हणाली. "मीच काढून ठेवला होता."

संध्याकाळी पाचला ती घरातून निघाली आणि बाजाराकडं न वळता सरळ मैदानावर गेली. सरांनी तिला बघितलं. नुसतं खांबाकडं बोट केलं. आठवीच्या पोरी बाजूला झाल्या. खांब उन्हानं कोमट झाला होता आणि शेकडो हात लागून गुळगुळीत. ती मागं गेली, पळत आली, हात घातला. गुडघ्यानं क्षणभर विचारलं, तिनं लक्ष दिलं नाही आणि वळली. पाय सोबत आला.

पोरींनी टाळ्या वाजवल्या. सर मात्र वहीत लाल पेन्सिलीनं रेघ काढत होते. त्यांनी ती तिला दाखवली. रेघ अजून जरा गोलच होती.

"उद्या ये," सर म्हणाले.

"येते," प्रांजली म्हणाली आणि पुन्हा पळायला मागं गेली.