दोघांच्या बदल्यात एक

आमच्या गावच्या संघानं मला आणि माझ्या मित्राला देऊन एक म्हातारा बॉलर घेतला, तेव्हा आम्ही दोघंही बारावी करून नुकते मोकळे झालो होतो. म्हातारा आपला क्रिकेटच्या भाषेत. काकांना तेव्हा चाळिशीच लागली होती. सगळा तालुका त्यांना काकाच म्हणायचा. ते सोनारीकडचे, टमटम चालवायचे, आणि टेनिस बॉलच्या सामन्यात त्यांना खेळणं भल्याभल्यांना जमलेलं नव्हतं. रन-अप जेमतेम चार पावलांचा. हात जोरात फिरायचा आणि बॉल मात्र मागं राहिल्यासारखा हळू यायचा. फलंदाजाची बॅट आधीच फिरून गेलेली असायची. लहानपणी आम्ही गल्लीत त्यांचीच नक्कल करायचो.

आमची लीग दिवाळीनंतर सुरू व्हायची आणि गुढीपाडव्याच्या आत संपायची. सोयाबीन निघालेल्या रानावर रोलर फिरवून मैदान करायचं, कडेनं दोरी, एका बाजूला मंडप, स्पीकरवर कॉमेंट्री, आणि मोबाईलवर लाइव्ह. संक्रांतीच्या सुमारास निम्मा हंगाम झाला की संघांना खेळाडूंची अदलाबदल करता यायची. दोन्ही कॅप्टननी समितीसमोर हो म्हटलं की झालं. खेळाडूला विचारायची पद्धत नव्हती.

आमचा कॅप्टन माझा चुलतभाऊ. मी त्याला दादा म्हणायचो. तो बरीच वर्षं कॅप्टन होता आणि आमच्या गावानं एकदाही कप जिंकलेला नव्हता. त्या वर्षी मात्र आमचा संघ वरच्या दोघांत होता. शेवटच्या ओव्हरी टाकायला कुणी नाही, एवढीच अडचण. माझा मित्र बॉलर होता, तालुक्यात त्याच्याइतका वेगानं टाकणारा दुसरा नव्हता, पण अटीतटीला त्याचा टप्पा चुकायचा. काकांचा टप्पा कधी चुकला नाही. ते ज्या संघात होते तो तालुक्याच्या गावचा संघ तळाला पडलेला, त्यांना या हंगामाशी काही देणंघेणं उरलं नव्हतं. त्यांना पुढच्या वर्षासाठी पोरं पाहिजे होती.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सराव संपल्यावर दादानं आम्हा दोघांना थांबवून घेतलं. तो बॅटच्या मुठीला रबर चढवत बसला होता. मान वर न करताच म्हणाला, "तुमाला दोघाला रविवारपासून तिकडच्या संघात खेळायचंय. बदल्यात काका येत्यात आपल्याकडं."

मित्राला आधी चेष्टाच वाटली. "काका? आपल्याकडं?"

"व्हय."

"आन् आमी दोघं तिकडं?"

"ठरलंय तसं."

मी म्हणालो, "दादा, आमाला इचारायचं तरी."

"इचारून काय झालं असतं? तू न्हाय म्हणला असतास." त्यानं बॅट खाली ठेवली. "हे बघ, औंदा न्हाय झालं तर परत न्हाय. निम्मी पोरं पुण्याला चालल्यात. तुमी ल्हान हायात. तुमाला लई वर्षं पडल्यात खेळायला."

मित्र हसून म्हणाला, "काका येत असतील तर म्याबी दिलं असतं मला." आणि उठला. घरापर्यंत मात्र तो माझ्या पुढं पुढंच चालत राहिला. त्याची आई तेरखेड्याच्या फटाक्याच्या शेडमधून नुकतीच आलेली होती, दारात हातपाय धूत होती. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजे गावातनं काढलं का काय तुमाला?" खरं म्हणजे आम्हालाही तसंच वाटत होतं.

नव्या संघाचा कॅप्टन तोंडावर बोलणारा माणूस होता. पहिल्याच दिवशी त्यानं मित्राच्या पाठीवर थाप मारली आणि मला म्हणाला, "तू काय करतोस?"

"बॅटिंग. पाचव्या नंबरला."

"बॅटिंगला हायेत आमच्याकडं. आमाला बॉलर पायजे होता. पण काकासारखं नाव एकाच्या बदल्यात कसं द्यायचं, म्हणून तुला जोडीला घेतलं."

त्या उरलेल्या हंगामात मी बहुतेक वेळ दोरीबाहेर बसून होतो. कधी कुणाच्या पायात गोळा आला की दोन ओव्हरी फिल्डिंग. आपल्याला कुणी मागितलं नव्हतं, आपण वजन पुरं करायला टाकलेलो आहोत, ही गोष्ट कळल्यावर माणूस फार बदलतो. त्याआधी मला बॅट हातात घेतली की आपोआप हसू यायचं. ते गेलं.

मित्राचं उलट झालं. पहिल्या सामन्यात त्यानं अशी बॉलिंग केली की स्पीकरवरचा माणूस ओरडून ओरडून बसक्या आवाजात बोलायला लागला. तळाचा संघ जिंकला. पुढच्या रविवारी परत जिंकला. ज्या संघानं हंगाम सोडून दिला होता त्याला अचानक सेमीफायनलची चौथी जागा दिसू लागली. संघाचा मालक मैदानावर येऊन बसायला लागला. पुढच्या वर्षाचं बोलणं बंद झालं. आणि बॉल सारखा माझ्या मित्राच्याच हातात. सामना असला की त्याच्या ओव्हरी, मधल्या दिवसांत सराव, त्यातही तोच टाकणार.

मित्राला पोलीस भरती करायची होती. रोज पहाटे तो हायवेच्या कडेनं पळायचा, गोळाफेकीचा सराव करायचा, घरी येऊन पुस्तकं. भरती हीच त्याच्या घरची खरी आशा होती, क्रिकेट तिच्या पुढचं नव्हतं. माघ संपत आला तसा तो सकाळचं पळणं चुकवायला लागला. मी विचारलं तर म्हणाला, "कंबर धरल्यावानी व्हतीय. चार दिवसात मोकळी व्हईल."

मोकळी झाली नाही. शेवटच्या साखळी सामन्याआधी तो मंडपामागं पालथा पडला होता आणि एक जण त्याच्या कमरेवर दुखण्याचा स्प्रे मारत होता. मी कॅप्टनकडं गेलो. म्हणालो, "त्याला आज बसवा. त्याला वाकता येईना."

"त्यानं म्हणलंय का तसं?"

मी मित्राकडं बघितलं. तो उठून बुटाची नाडी बांधत होता. गुडघा मुडपून, पाठ ताठ ठेवून. "टाकतो मी," तो म्हणाला. "आज जिंकलं की सेमीला आपलं गावच समोर येतंय." त्याचा चेहरा बघून मला कळलं, दादासमोर बॉल टाकायचाय त्याला. एवढ्यासाठी तो उभा आहे.

तीन ओव्हरी त्यानं टाकल्या. चौथ्या ओव्हरीत तो दोरीपासून पळत आला, उडी घेतली, आणि हात फिरायच्या आधीच खाली आला. बॉल हातातच राहिला. पंच, फलंदाज, सगळे त्याच्याकडं पळाले. तो डोळे उघडे ठेवून उताणा पडला होता आणि हळू आवाजात एवढंच म्हणत होता, "हात लावू नका, हात लावू नका." आम्ही त्याला मंडपाच्या कापडात उचलून जीपमध्ये घातलं. उरलेले बॉल दुसऱ्या कुणीतरी टाकले. संघ हरला. संध्याकाळी कॅप्टनचा एक फोन आला, नंतर कुणाचाच नाही.

सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मणक्याला चीर गेलीय. वाढत्या वयात, एवढा ताण, विश्रांती नाही. पट्टा बांधायला दिला. मित्रानं पहिला प्रश्न भरतीचा विचारला. डॉक्टर परत एकदा एक्स-रे बघत म्हणाले, "पळणं आणि गोळा विसरा सध्या." त्याचे वडील शेजारी उभे होते. त्यांनी विचारलं, "सध्या म्हंजे किती दिस?" डॉक्टरांनी पट्टा कसा बांधायचा ते दाखवलं.

आमच्या गावाची सेमीफायनल पुढच्या रविवारी होती. सगळं गाव मैदानावर गेलं होतं. मी मित्राच्या घरी थांबलो. तो फळीवर झोपलेला, मी उशाशी, मोबाईल दोघांच्या मधे धरलेला. काकांनी आमच्या गावाला तिथपर्यंत आणलं होतं, हे खरं होतं. शेवटच्या ओव्हरी आल्या आणि दादानं बॉल त्यांच्याकडं दिला. पहिलाच बॉल टप्पा न पडता फलंदाजाच्या छातीवर गेला. दुसरा वाइड. स्पीकरवरचा माणूस हसत म्हणाला, काका आज रागात दिसतात. मित्र म्हणाला, "न्हाय. खांदा गेलाय त्यांचा. बघ, हात वर येईना."

दादा त्यांच्याजवळ आला, काहीतरी बोलला, परत आपल्या जागेवर गेला. काका परत चार पावलं चालत आले. मित्रानं तोंड भिंतीकडं केलं आणि म्हणाला, "बंद कर." मी बंद केलं. थोड्या वेळानं गावाच्या रस्त्यानं गाड्या परत यायला लागल्या. कुणाचा आवाज नाही, हॉर्न नाही. कप जिंकल्यावर उडवायला तेरखेड्याहून आणलेल्या माळा तशाच पोत्यात परत आल्या.

चैत्रात एका दुपारी काका मित्राच्या घरी आले. हात गळ्यात बांधलेला, टमटम दुसरंच कुणी चालवत होतं. मित्राची आई गडबडून गेली, तिनं चटई टाकली. काका भिंतीला टेकून बसले. आम्ही त्यांना इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होतो.

"तुमाला आधीपासनं दुखत व्हतं का?" मित्रानं विचारलं.

"दिवाळीपासनं. इंजेक्शन घिऊन टाकीत होतो. आमच्या कॅप्टनला म्हायती होतं."

"आन् आमच्या दादाला?"

"त्याला कुणी सांगितलं न्हाय. मला म्हणले, गप बस, तुला चांगल्या संघात धाडतो." त्यांनी गळ्यातला हात सावरला. "चांगला संघ व्हता तुमचा. पोरं जीव लावत्यात." मग मित्राच्या पट्ट्याकडं बघून त्यांनी विचारलं, "तुला इचारलं व्हतं का रं, जातोस का म्हणून?"

"न्हाय."

"मलाबी न्हाय."

मित्राच्या आईनं चहा आणला. काकांनी कप डाव्या हातानं धरला, त्यांना सवय नव्हती, थोडा सांडला. जाताना त्यांनी मित्राच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेले.

दादाशी माझं भांडण झालं नाही. भांडण व्हायला त्यानं काहीतरी बोलायला पाहिजे होतं. तो एकदा मित्राच्या घरी आला होता, दारातूनच कसा आहेस विचारून गेला. पुढच्या हंगामात त्यानं मला परत घ्यायची तयारी दाखवली. मी बॅट हातात घेऊन बघितली. काही वाटलं नाही. मी नाही म्हणालो, आणि त्यानंही परत विचारलं नाही.

भरतीची जाहिरात निघाली तेव्हा मित्राच्या बरोबर पहाटे पळणारी पोरं धाराशिवला मैदानी चाचणीला गेली. त्यातला एक जण लागला. त्याची मिरवणूक आमच्या गल्लीतून गेली. मित्र दारात उभा राहून टाळ्या वाजवत होता, एक हात चौकटीला टेकवून. आता तो मोबाईलच्या दुकानात कामाला आहे. दुकानात बसायला स्टूल आहे, पण फार वेळ बसवत नाही म्हणून तो बराच वेळ उभाच असतो, आणि मग उभंही राहवत नाही.

गेल्या दिवाळीनंतर लीग सुरू झाली तेव्हा तो स्वतःच म्हणाला, "चल, बघून येऊ." मी गाडी हळू चालवली, खड्डे चुकवत. आम्ही दोरीबाहेर, ज्वारीच्या रानाच्या बांधावर गाडी लावून थांबलो. आमच्या गावची बॉलिंग होती. एक नवं पोरगं लांबून पळत येत होतं. वेग होता, टप्पा नव्हता. मित्र त्याच्याकडं टक लावून बघत होता. मला वाटलं तो काहीतरी बोलेल, पाय कुठं टाकतोय बघ म्हणेल, नाहीतर नुसता हसेल.

ओव्हर संपल्यावर तो म्हणाला, "पाठ भरून आली. जाऊया."

मी गाडी फिरवली.