द्वारकाची घागर

अक्कासमोर ‘जाऊ द्या’ म्हणायची सोय नव्हती. कुणी म्हटलंच, तर ती चष्मा काढून मांडीवर ठेवायची आणि विचारायची, “कुठं जाऊ देऊ? पत्ता सांग.” अक्का माझी आत्या. धुळ्याच्या एका शाळेत तिनं आयुष्यभर चौथीचा वर्ग शिकवला, आणि वर्गाबाहेरच्या माणसांनाही ती चौथीतलंच समजायची. राग आला की एकेक शब्द सुटा करून बोलायची. ऐकणाऱ्याला त्यापेक्षा आरडाओरडा परवडला असता.

तिचे धाकटे भाऊ नाना जळगावला राहतात. भाऊबंदांची वंशावळ छापायचं त्यांनी ठरवलं आणि अक्षर चांगलं म्हणून काम अक्कावर टाकलं. नानांना वाटलं, म्हातारीचा वेळ जाईल.

अक्काच्या आजोबांचा थोरला भाऊ तरुणपणीच गेला. घरात सांगत आले होते ते असं : थोरल्याची बायको द्वारका, तीही त्याच्यामागोमाग गेली, धाकट्याची बायको गंगा, म्हणजे अक्काची आजी, माझी पणजी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांच्या नावानं पाण्याच्या घागरी भरतात. त्यांत एक द्वारकाची असायचीच.

शेताच्या जुन्या उताऱ्यात थोरल्याची विधवा म्हणून द्वारकाचं नाव होतं. मृत्यूच्या नोंदीत थोरला सापडला, द्वारका सापडेना. कचेरीतला कारकून म्हणाला, “मॅडम, राहून गेली असेल. बायांची नोंद कोण करायचं तेव्हा? जाऊ द्या.” अक्कानं चष्मा काढला. मला त्या माणसाची दया आली.

दोघींचं माहेर मात्र एकच निघालं, एरंडोलजवळचं एक गाव. अक्का मला घेऊन तिथं गेली. त्या माहेरच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती. तिनं आमचं सगळं ऐकून घेतलं आणि बोळकं पसरून हसली. “दोन कशान्या वं माय? एकच व्हती. भिकी. मनी मायनी आत्या. धल्ला मरना, मंग देरसंगे पाट लावा तिना. नाव बदली टाकं.”

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. आमच्यात त्याचं पूर्वी कुणाला काही वाटत नसे. माहेरची भिकी सासरी येऊन द्वारका झाली. नवरा गेल्यावर दिराशी पाट लागला तेव्हा गंगा झाली. पुढे घर गाव सोडून जळगावला आलं, बरे दिवस आले, आणि पाटाची लाज वाटू लागली. मग घरातल्या पुरुषांनी द्वारकाला मारून टाकलं. नवीन शेजाऱ्यांना पटावं म्हणून तिची घागरही सुरू केली.

परतीच्या बसमधून धुळ्याला उतरल्यावर अक्का स्टँडवरच उभी राहिली. “ती घागर आजी पुजायची,” ती म्हणाली. “मी लहान होते, पण पाहिलंय मी. कुंकू तीच लावायची. जिवंत बाईला दर साल स्वतःचं श्राद्ध घालायला लावलं या लोकांनी.” मग म्हणाली, “त्या घागरीपुढची सांजोरी ती कुणाला द्यायची नाही. सगळ्यांदेखत स्वतः खायची. आई म्हणायची, डोकरी हावरी शे.”

नानांना तिनं सगळं सांगितलं. नाना म्हणाले, “अक्का, पाटबिट लिहायचं नाही. पोरींची लग्नं व्हायचीत. लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, बाईनं दोन संसार केले. तुला एक धड जमेना.”

चहा घेऊन आलेल्या काकू तशाच आत वळल्या. आतून हसू ऐकू आलं.

“हे चालत आलेलं आहे,” नाना म्हणाले.

“कोणी चालवलं? तुझ्या बापानं. आता तू.”

त्या वर्षीच्या आखाजीला अक्का जळगावला गेली. घागरी मांडून झाल्या होत्या, वर खरबुजं ठेवली होती. भाऊबंद जेवायला जमले होते. अक्कानं द्वारकाच्या घागरीवरचं खरबूज बाजूला ठेवलं, घागर दोन्ही हातांनी उचलली आणि अंगणात उपडी केली. “बाई जिवंत होती रे,” एवढंच म्हणाली, आणि न जेवता धुळ्याला परतली. त्यानंतर नाना तिच्याशी बोलले नाहीत. हिवाळ्यात ती गेली तेव्हा स्मशानात आले, लाकडं नीट रचली आहेत का ते पाहिलं, आणि गेले.

महिन्याभरात वंशावळ छापून आली. थोरल्यापुढे द्वारका, निपुत्रिक. धाकट्यापुढे गंगा. दोन वेगळ्या चौकटी. भिकी कुठंच नाही. आणि खाली, ठळक अक्षरांत, ‘संकलन’ म्हणून अक्काचं नाव. जे खोटं खोडायला ती उन्हातान्हात हिंडली, त्याच्याखाली तिची सही असावी तसं. मी नानांना फोन केला. ते म्हणाले, “अगं, तिचा मान ठेवला.”

असा मान ठेवतात. माणूस गेल्यावर, त्याला उत्तर देता येत नाही हे पाहून.

यंदाच्या आखाजीला नानांकडे द्वारकाची आणि गंगाची अशा दोन घागरी नेहमीसारख्या भरल्या गेल्या. धुळ्यात आमच्याकडेही मी दोन भरल्या, एक भिकीची, एक अक्काची. पितरांसाठी विस्तवावर घास टाकताना भिकीचं नाव मी इतक्या मोठ्यानं घेतलं की शेजारच्या मावशी दारात आल्या.

“ही कोण गं? कधी ऐकलं नाही नाव.”

मी त्यांना आत बोलावलं, पाट दिला बसायला, आणि सगळं सांगितलं. दिराचं, दुसऱ्या लग्नाचं, सांजोरीचं, आणि नानांचंसुद्धा, नावानिशी.