कडूनिंबाखाली गाडी लावायची नाही

मित्रहो, आज भिलाईत माझ्यावर घोर अन्याय झाला. अख्ख्या सेक्टरात सावलीची एकच जागा रिकामी होती. तिथं स्कूटर लावली, तर समोरच्या क्वार्टरमधल्या काकू ओरडल्या, "ओ भाऊ, काढा ते गाडी! फौजीचे बूट पुरले हायेत तिथं."

मी भांडायचं विसरलो. तीच जागा शोधत तर सकाळपासून फिरत होतो.

माझे मोठे काका इथला पोलाद कारखाना बांधायला मजूर म्हणून आले, मग फौजेत गेले. बासष्टच्या लढाईत पडले. देह आलाच नाही. आजोबांनी तेव्हाच्या लेबर कॅम्पातल्या (आता तिथं हा सेक्टर आहे) कडूनिंबाखाली त्यांचे सिमेंट लागलेले बूट पुरले. बाबा तेव्हा कारखान्यात ड्यूटीवर होते, त्यांच्या हातून भावाला मूठमाती द्यायची राहिली. शेवटपर्यंत तेच बोलत गेले.

"कोणाचे बूट, माहीत आहे?" मी विचारलं.

"नाई बा. आमच्या पयले राहत होते, त्यायनं सांगतलं, इथं गाडी नोका लावू. मनून नाई लावत. तुमचं कोनी होय का?"

घरी काकांचं नाव ओळखणारं कोणी उरलं नाही, म्हणून मित्रहो, तुम्हाला सांगतोय. तुम्ही निदान लाइक तरी द्याल. तुमच्याकडं असं कोणाचं राहून गेलंय का?

मी स्कूटर उन्हात नेऊन लावली. परत आलो आणि बाबांच्या वाटची मूठभर माती बुंध्याशी टाकली.