बोट ठेवायची ओळ

"साहेब हसला की अर्धं काम झालं." टाइप झालेला अर्ज मशीनमधून काढून, खिडकीच्या उजेडाकडं धरून आप्पा हे म्हणायचे आणि साहेबाच्या आधी स्वतःच हसून घ्यायचे.

नव्वदच्या दशकात दौंड स्टेशनजवळच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मी नोकरीला होते. मुलं शिकून गेली की बाहेरच्या लोकांचे कागद टाइप करून द्यायचे. आप्पा रेल्वेतून क्लार्क म्हणून रिटायर झालेले. दुपारची झोप त्यांना मान्य नव्हती, म्हणून जिना चढून येत आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर बसत. कुणाला इंग्रजी अर्ज हवा असला की ते तोंडी सांगत, मी टाइप करी. मोबदला म्हणून फक्त चहा, तोही कमी साखरेचा.

त्यांचं इंग्रजी शाळेतलं नव्हतं. ऑफिसातल्या एका कपाटात गोऱ्या साहेबाच्या काळातल्या फायली होत्या. टाकून द्यायला कुणाची सही मिळेना म्हणून राहिलेल्या. त्या आप्पांनी रिकाम्या वेळात वाचून काढल्या होत्या. त्यामुळं त्यांचा प्रत्येक अर्जदार नम्रतापूर्वक याचना करायचा आणि शेवटी साहेबाचा अत्यंत आज्ञाधारक सेवक म्हणून सही करायचा.

"बाई, इथं 'हॅज' नको. 'हॅथ' टाका."

"आप्पा, तो शब्द मेला कधीच."

"मग खांदा नको का द्यायला कुणी?"

तुम्हीही असे जुनाट अर्ज पाहिले असतील. बहुतेकांत लिहिणाऱ्याला आपण जुनं बोलतोय याचा पत्ताच नसतो. आप्पांना तो पुरेपूर होता. ते मुद्दाम पगडी घालून आरशापुढं उभे राहणारे गृहस्थ होते. आरशात आपण कसे दिसतो, हे त्यांना नीट कळायचं आणि आवडायचंही.

शिरूरला राहणाऱ्या त्यांच्या बहिणीच्या गल्लीतला नळ वर्षभर गळत होता. मराठीत दोन अर्ज झाले होते. आप्पांनी इंग्रजीत लिहिलं. मराठीत सांगायचं तर असं: सदर नळ दुरुस्त व्हावा ही विनंती, तो वयोवृद्ध असून अलीकडं त्याला अहोरात्र अश्रू आवरत नाहीत, आणि त्याचं सांत्वन करणं गल्लीतल्या महिलांच्या शक्तीबाहेर गेलं आहे. आठवड्यात नवा नळ बसला. त्या दिवसापासून आप्पांचं ते वाक्य पक्कं झालं.

बबन आला तो याच भरात.

बबन न्हावऱ्याकडचा. वडिलांची मेंढरं अजून थोडी होती, पण हा कुरकुंभच्या एका केमिकल कारखान्यात लागला होता. बोलताना तो दर दोन वाक्यांनी थांबायचा. आधी मला वाटलं, लाजतोय.

"आप्पा, त्या खात्यात वास लय. छाती भरून येती. स्टोअरला बदली मिळाली तर बघा. सायेब परमुलखातला हाय, मराठी कळत न्हाई त्येला."

आप्पांनी डोळे मिटले आणि सांगायला लागले. पानभर अर्ज झाला. सुरुवातीला साहेबाच्या कीर्तीचा सुगंध, आणि त्यापुढं खात्यातला दुर्गंध कसा फिका पडतो, त्याचं वर्णन. मग बबनच्या पूर्वजांनी मोकळ्या माळावरचा वारा किती पिढ्या खाल्ला, त्याची हकीगत. मग ज्याची फुप्फुसं आता मालकाचं ऐकेनाशी झाली आहेत असा एक आज्ञाधारक सेवक. बदलीचा उल्लेख तळाकडं, एका लांबलचक वाक्याच्या पोटात. टाइप करताना मी दोनदा थांबून हसले. हे मला लिहून ठेवलंच पाहिजे. मी थांबले ती हसायला, विचारायला नव्हे.

पाच-सहा दिवसांनी बबन पेढे घेऊन आला.

"आप्पा, सायेब पोट धरून हसला की! माज्यासंगं हात मिळवला. आन् अर्ज काचेच्या बोर्डात लावलाय. समदी वाचत्यात."

"आणि बदली?"

"त्येचं काय बोलला न्हाई अजून."

"होईल," आप्पा म्हणाले. "हसला ना? अर्धं झालं."

पुढचा महिनाभर कारखान्यातली शिकलेली माणसं त्या बोर्डापुढं उभी राहून हसत होती. अर्जाच्या झेरॉक्स निघाल्या. बबनला इंग्रजी येत नव्हतं. आपला कागद एवढ्या लोकांना आवडतोय याचाच त्याला अभिमान. तो त्याच खात्यात कामाला जात राहिला, आणि एका सकाळी तिथंच कोसळला.

दवाखान्यात आप्पांबरोबर मीही गेले. बबनच्या नाकात नळी होती. खाटेशेजारी त्याचे वडील घोंगडी मांडीवर घेऊन बसलेले. त्यांनी आप्पांना पाहून हात जोडले. "तुमचा कागूद लय चांगला हुता म्हनं," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच तो लागला.

बाहेर आल्यावर आप्पा व्हरांड्यातल्या बाकावर बसले. म्हणाले, "बाई, उरलेलं अर्धं कुणी करायचं होतं?"



दुसऱ्या दिवशी त्यांनी चार ओळी सांगितल्या. बबनला या खात्यात श्वास घेता येत नाही. त्याला स्टोअरमध्ये घ्यावं. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे. उत्तराची वाट पाहत गेटवर बसलो आहे. आणि खरोखरच कुरकुंभला जाऊन ते गेटवर बसले. तिथं ते कुणाला हसवायच्या मनःस्थितीत नव्हते. संध्याकाळी बदलीचा कागद घेऊनच परत आले. बबन पुढं स्टोअरमध्ये रुळला. जिना चढताना मात्र त्याला कायम मधेच थांबावं लागायचं.

त्यानंतर आप्पांनी एक रीत पाडली. मागणीची ओळ सगळ्यात आधी. तिच्या खाली-वर मोकळी जागा. अर्ज तयार झाला की तो मराठीत वाचून दाखवायचा, कागद समोर ठेवायचा आणि म्हणायचं, "यात तुमचं काम कुठाय? बोट ठेवा." शिक्रापूरचा ट्रकवाला असो की भाजीवाली मावशी, अक्षरओळख नसलेलं बोटही त्या मोकळ्या जागेतल्या ओळीवर बरोबर जायचं. बोट चुकलं तर अर्ज परत मशीनवर.

गंमत त्यांनी सोडली नाही. ती अर्जाच्या शेवटी, एकाच वाक्यात येऊ लागली. ते वाक्य पूर्वीच्या पानभरापेक्षा चांगलं असायचं, असं मला वाटतं. त्यांना मी तसं म्हटलं होतं.

"पूर्वी मी साहेबाला हसवत होतो," ते म्हणाले, "आता अर्जदाराची पाळी आधी."

पुढं कॉम्प्युटर आले, इन्स्टिट्यूटची मशीन एकेक करून कोपऱ्यात गेली. आप्पांचं येणं कमी झालं. जिन्यात तेही थांबायला लागले होते. एका पावसाळ्यात ते गेले.

तेराव्यानंतर काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, मला बोलावून घेतलं. रेल्वेच्या ऑफिसला कळवायचं होतं. मी कागद तयार करून नेला. पहिली ओळ: माझे पती वारले आहेत, नोंद व्हावी. खाली-वर मोकळी जागा. मग तारीख, नंबर, सही. वाचून दाखवला आणि सवयीनं म्हटलं, "काकू, बोट ठेवा."

त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं.

मग खाली बघत म्हणाल्या, "आन् त्यांचं ते शेवटचं कुठाय? हसायचं?"

"काकू, या कागदावर कसं लिहू?"

"का? त्यांच्याच कागदावर न्हाई म्हंजी?"

मी पेन काढलं. सहीच्या वर जागा होती. त्यांच्या त्या जुन्या इंग्रजीत लिहिलं, 'हॅथ'सकट, आणि मराठीत वाचून दाखवलं: सदर कर्मचारी पूर्वपरवानगीचा अर्ज न करताच निघून गेले आहेत, एवढ्या वर्षांत त्यांच्याकडून घडलेली ही पहिलीच अनियमितता असल्यानं ती माफ व्हावी.

काकू हसल्या. पदर तोंडाला लावून बराच वेळ हसत राहिल्या. बोट मात्र पहिल्या ओळीवरून हललं नव्हतं.