सत्तावीस इंचांचं पाऊल

डॉक्टरांनी कागदावर एक नळी काढली, तिच्या मधोमध फुगवटा काढला आणि पेन खाली ठेवलं. पोटातल्या मुख्य रक्तवाहिनीला फुगा आलाय, ते म्हणाले. फुटला तर दवाखान्यापर्यंत पोचायलाही सवड मिळत नाही.

चावीकाकांनी कागद आपल्याकडे वळवून घेतला.

"व्यास किती?"

"साडेसहा सेंटीमीटर."

"आणि असायला किती हवा?"

"दोनच्या आसपास."

"म्हणजे ही लाइन कधीही जाणार."

डॉक्टरांनी चावीकाकांच्या बायकोकडे पाहिलं. "काय काम करतात हे?"

"गावाला पाणी सोडतात," ती म्हणाली. "आणि बंद करतात. चौतीस वर्षं दुसरं काही केलेलं नाही."

शस्त्रक्रियेची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली, तीही मोठ्या शहरातल्या रुग्णालयात. हृदय आधीच थकलेलं होतं, त्यामुळे अशा रुग्णांपैकी दहातले दोघं टेबलावरून परत येत नाहीत, हेही डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. तोवर जड उचलायचं नाही, जोर लावायचा नाही. पाणी खात्यातल्या चावीवाल्याला जोर लावू नको म्हणणं म्हणजे घरी बस म्हणणंच होतं. माणसाच्या छातीइतकी उंच लोखंडी चावी रस्त्यातल्या खड्ड्यात घालायची, खालच्या व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवायची आणि सगळं अंग टाकून फिरवायची, हेच ते काम.

घरी येताना बसमध्ये ते बोटांवर काहीतरी मोजत होते. बायकोला वाटलं, घाबरलेत. घाबरले होतेच, पण त्यांच्या डोक्यात आकडा फिरत होता तो दहातल्या दोघांचा नव्हता. अकराचा होता.

चोवीस वर्षांपूर्वी गावातल्या रस्त्यांवर नव्यानं डांबर पडलं. त्याआधी खात्यानं चावीवाल्यांकडून आपापल्या भागातल्या सगळ्या व्हॉल्व्हची यादी मागवली, म्हणजे झाकणं नव्या डांबराच्या पातळीवर उचलून घेता येतील. त्याच वर्षी माणसं कमी करायचंही चाललं होतं. सहा चावीवाल्यांपैकी दोघंच राहणार, अशी कुजबुज होती. चावीकाकांनी यादी दिली, पण अकरा व्हॉल्व्ह तिच्यात घातले नाहीत. रोज लागणारे ते नव्हतेच. मोठी लाइन फुटली तर तिचा तेवढाच तुकडा बंद करायला ठेवलेले ते व्हॉल्व्ह. त्यांच्यावर डांबर चढलं, आणि ते कुठे आहेत हे एकाच माणसाला ठाऊक राहिलं. माणसं कमी झाली. चावीकाका राहिले.

पुढे एकदा खालच्या गल्लीत मोठी लाइन फुटली. घरांत गुडघाभर पाणी शिरलं, साहेबांनी हात टेकले. चावीकाका शाळेच्या कुंपणाच्या कोपऱ्याशी उभे राहिले, सतरा पावलं चालले आणि बोट खाली दाखवून म्हणाले, "इथं फोडा." चाळीस मिनिटांत पाणी थांबलं. पुढे तो खड्डाही बुजवून वर डांबर टाकलं गेलं. लोकांनी तोंडात बोटं घातली. कुणी विचारलंच, की तुम्ही नसतात तर काय, तर ते म्हणायचे, "मी आहे ना."

या वाक्याची किंमत घरानं दिली. चोवीस वर्षांत त्यांनी गावाबाहेर मुक्काम केला नाही. मुलीच्या बाळंतपणाला बायको एकटी गेली. थोरला भाऊ आजारी पडला तेव्हा सकाळच्या बसनं जाऊन दुपारच्या बसनं परत आले. भावानं त्यांचा हात धरून ठेवला होता आणि यांचं लक्ष घड्याळाकडे होतं. चार दिवसांनी भाऊ गेला.

दुसऱ्या दिवशी ते इंजिनीअर मॅडमच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले. मॅडमना या गावात येऊन दीडच वर्ष झालं होतं. रजेचा अर्ज पुढे ठेवून त्यांनी सगळं सांगितलं, आजाराचं आधी आणि यादीचं नंतर.

मॅडमनी अर्ज बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "काका, या चोवीस वर्षांत तुम्ही एखाद्या दिवशी तापानं फणफणला असतात तर?"

"फणफणलो होतो. आलो होतो."

"आणि मेला असतात तर?"

इतकी वर्षं त्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारलाच नव्हता.

"तुमच्यावर कारवाई व्हायला हवी," मॅडम म्हणाल्या. "ती तुम्ही परत आलात की करू. उद्या सकाळी आठला शाळेपाशी या."

सकाळी आठला मॅडम होत्या, खणणारे दोघं होते आणि अर्धी गल्ली बघायला जमली होती. खात्याचं लोखंड शोधणारं यंत्रही आणलं होतं. पण जुन्या पाइपांनी भरलेल्या त्या रस्त्यावर ते दर पावलाला किंचाळत होतं, म्हणून बंद केलं. चावीकाका कोपऱ्याशी उभे राहिले, सतरा पावलं चालले आणि बोट खाली दाखवलं.

डांबर फोडलं. खाली खडी, खडीखाली माती. हातभर खोल गेले, कमरेएवढा खड्डा केला. काही नाही.

"काका, चावी दुसऱ्या खिशात राहिली का?" पहार टेकवून एक खणणारा म्हणाला. गल्ली हसली.

चावीकाका परत कोपऱ्याशी गेले, पुन्हा मोजलं. सतराच. पाऊल तिथेच पडलं, खड्ड्याच्या काठावर. त्यांच्या कपाळावर घाम आला, तेव्हा मॅडमनीच काम थांबवलं.

घरी येऊन ते खुर्चीत बसले. फुगा फुटायची भीती वाटत होती त्याहून ही भीती वेगळी होती. डोक्यात जपून ठेवलेलं आपल्याआधीच गेलं की काय? बाकीचे दहा तरी बरोबर आठवताहेत कशावरून?

"सतराच होती," ते म्हणाले. "आकडा चुकलेला नाही."

"आकडा नसेल चुकला," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. "पाऊल चुकलं असेल."

"म्हणजे?"

"अहो, पूर्वी तुमच्याबरोबर चालताना मला पळावं लागायचं. आता मी कोपऱ्यावर थांबून तुमची वाट बघते."

तिनं हात पुसले आणि जमिनीवरच्या जाजमाकडे बोट केलं. "हे आणलं तेव्हाचं आठवतंय? दारापासून मागच्या खिडकीपर्यंत तुम्ही चालत गेलात आणि म्हणालात, नऊ पावलं. दुकानदारानं तुमच्या पावलावर विश्वास ठेवला नाही, टेप घेऊन आला. चाला बघू आता."

चावीकाका दाराला पाठ लावून उभे राहिले आणि नेहमीसारखे चालत गेले. खिडकीशी पोचले तेव्हा अकरा झाली होती.

बायकोनं शिवणाची टेप काढली. जाजमाची लांबी भरली दोनशे त्रेचाळीस इंच. त्यांनी दवाखान्यातून आणलेल्या कागदी पाकिटाच्या पाठीमागे हिशेब केला. तेव्हाचं पाऊल सत्तावीस इंचांचं. आताचं जेमतेम बावीस. सतरा पावलांत सात फुटांची चूक.

पाच इंच कधी गेले ते त्यांना कळलं नव्हतं. ते एका दिवसात गेलेले नव्हते. डॉक्टरांच्या नळीपेक्षा या पाकिटावरच्या आकड्यांनी त्यांना जास्त नीट सांगितलं, की आपण संपत चाललो आहोत, आणि बऱ्याच दिवसांपासून. त्यांनी पाकीट खाली ठेवलं. मग म्हणाले, "मॅडमचा नंबर लाव."

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यापासून पावलं कुणी टाकलीच नाहीत. मॅडमनी टेप धरली. अडतीस फूट तीन इंचांवर खूण केली, आणि पहिल्या हातभर खड्ड्यातच पहार लोखंडावर वाजली.

"सापडला खिसा," कालचा खणणारा म्हणाला. या वेळी चावीकाकाही हसले.

पुढचे दोन आठवडे हेच काम चाललं. सकाळी दोन तास मोजणी, मग सावलीत बसून सांगणं आणि मॅडमनी लिहून घेणं. प्रत्येक व्हॉल्व्हला क्रमांक, पक्क्या भिंतीपासून फूट-इंचांत अंतर आणि स्वभाव. तीन नंबर पाव फेरा मोकळा फिरतो, मग धरतो. नऊ नंबरला घाई केली तर दांडा मोडेल. शाळेजवळचा सात नंबर उलटा बसलेला आहे, बंद करताना डावीकडे फिरवायचा.

"हे तर कुठंच लिहिलेलं नाही," मॅडम म्हणाल्या.

"लिहिलं असतं तर मला कोण विचारणार होतं?"

त्यांनी हे मिश्कीलपणे म्हटलं, पण मॅडम हसल्या नाहीत, आणि त्यांनाही मग हसू आलं नाही.

संध्याकाळी घरी ते वेगळेच वागत. बायकोनं एकदा सांगायला सुरुवात केलेली गोष्ट ते शेवटपर्यंत ऐकत. मुलीला फोन करून त्यांनी बाळंतपणाचं सगळं विचारलं, कोणत्या वाराला, किती वाजता, कोण कोण होतं. नातू आता कॉलेजात जायला लागला होता. मुलगी म्हणाली, "बाबा, आता विचारताय?" ते म्हणाले, "हो. सांग." भावाच्या घरी मात्र फोन करून विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दहा व्हॉल्व्ह सापडले. त्यांची झाकणं रस्त्याच्या पातळीला आली, वर पिवळा रंग लागला. अकरावा सापडला नाही. त्याची खूण एक झाड होती आणि झाड तोडून कितीतरी वर्षं झाली होती. दोन दिवस त्यांनी खड्डे पाडून घेतले, मग स्वतःच नको म्हणाले. यादीच्या शेवटी त्यांनी मॅडमकडून पेन घेऊन स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "क्र. ११. झाडापासून साडेतेरा फूट. झाड आता नाही. चूक माझी."

खाली सही केली. त्या वर्षी कामावरून कमी केलेल्या चार चावीवाल्यांची नावंही त्यांनी मॅडमना सांगितली. ती यादीत घालायला जागा नव्हती. मॅडमनी ती समासात लिहून ठेवली.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी ते रुग्णालयात दाखल झाले. गावाबाहेरचा हा त्यांचा चोवीस वर्षांतला पहिला मुक्काम. सकाळी नर्स तयारीला आली तेव्हा उशाचा फोन वाजला. मॅडम होत्या.

"खालच्या गल्लीत लाइन गेली?" चावीकाकांनी मॅडमच्या आवाजावरूनच ओळखलं आणि ते उठायला लागले. नर्सनं खांद्यावर हात ठेवला.

"गेली होती, काका. बंद झाली. घरांत पाणी शिरलं नाही. चौदा मिनिटं लागली. तुम्हाला काळजी लागून राहिली असती, म्हणून सांगितलं."

"मला चाळीस लागली होती."

"तेव्हा झाकण डांबराखाली होतं."

"सात नंबर डावीकडे फिरवलात ना?"

"कागदावर लिहिलंय तसंच."

"कुणी फिरवला?"

"नव्या चावीवालीनं. तुम्ही तिला ओळखत नाही."

"बरं," ते म्हणाले आणि फोन बायकोच्या हातात दिला. नर्सनं मनगटावरचं घड्याळ मागितलं. त्यांनी ते काढलं, किती वाजले ते न बघताच, आणि स्ट्रेचर आत जाईपर्यंत बायकोचा हात धरून ठेवला.