सैल ठेवलेले नट

शालूआत्या गेल्याचा फोन आला, तेव्हा आतोबांनी आधी गाडीचंच सांगितलं. "गाडी अजून स्टँडवर चढवलेलीच आहे गं, चाकं अधांतरी... चहाला म्हणून वर आली, खुर्चीत टेकली, आणि..."

नारायण पेठेतल्या त्यांच्या इमारतीच्या बोळात ती गाडी असायची. दोनच माणसांची, उघड्या टपाची, जुनी विलायती स्पोर्ट्स कार. बँकेतून निवृत्त झाल्यावर आत्या तिची सगळी कामं स्वतः करायची. माझे बाबा, म्हणजे तिचा भाऊ, जन्मभर चळवळीची पत्रकं छापत आणि वाटत आले. मी त्या शाईच्या वासात वाढले. मला ती गाडी म्हणजे निव्वळ माज वाटायचा, आणि मी ते तिला तोंडावर सांगायचे. गाडीखालून उत्तर यायचं, "भाषण चालू द्या बाईसाहेब, फक्त तेवढा मोठा पाना इकडे सरकवा."

तिच्याजवळ लाल नेलपॉलिशची एक बाटली होती. नखांना तिने ते कधी लावलं नाही. नट घट्ट करायचा, गाडी एकदा चालवून आणायची, नट पुन्हा तपासायचा, आणि मगच त्यावर लाल रेघ ओढायची. "तुमच्या पत्रकांखाली काय असतं? 'आपली, कृती समिती'. कोण समिती? कुणाला विचारायचं?" ती म्हणायची. "ही रेघ म्हणजे मी. चुकलं तर मला विचारा." या वाक्याने मी चिडायचे.

शेवटचे काही दिवस ती सस्पेन्शनचे बुश बदलत होती. चाकाला धरून ठेवणाऱ्या दांड्यांच्या टोकाशी असतात ती रबरं. झिजली की गाडी खड्ड्यात आदळते, एका बाजूला ओढते. नवी बसवून झाली होती.

महिन्याभराने आतोबा म्हणाले, "रविवारी लोणी काळभोरला जातो. तिच्या मैत्रिणीच्या मळ्यावर. बुश झाले की पहिली फेरी तिकडेच, असं ठरलं होतं आमचं."

"पण गाडी तर स्टँडवर होती, नट कुणी आवळले?" मी विचारलं.

"मी," निनाद म्हणाला. निनाद आत्याचा मुलगा, खराडीला नोकरीला. "त्या दिवशी शववाहिनीसाठी बोळ मोकळा करायचा होता. बघतो तर सगळे नट सैल. आई विसरली असेल. फुल टाइट केले आणि मग गाडी खाली घेतली."

आत्या विसरली नव्हती. चाकं लोंबकळत असताना ते नट घट्ट करायचेच नसतात. गाडीचं वजन चाकांवर आलं की मग आवळायचे, नाहीतर रबर पिळलेलंच अडकतं आणि लवकरच फाटतं. हे मी तिच्याकडून इतक्यांदा ऐकलं होतं, की ऐकायचं सोडून दिलं होतं.

"आतोबा, गाडी काढायची नाही. ते नट आत्याने मुद्दाम सैल ठेवले होते, चाकं जमिनीला टेकल्यावर आवळायला."

"तू कधी हातात पाना धरलायस?" निनाद म्हणाला. "पत्रक काढ आता याच्यावर." मग खिडकीतून खाली गाडीकडे बघत म्हणाला, "म्हणजे आईचं काम मी बिघडवलं?"

"बिघडलं नाही अजून," आतोबा म्हणाले. "चला, खाली उतरा दोघं."

वजन चाकांवरच राहावं म्हणून चारही चाकं जाड लाकडी फळ्यांवर चढवून निनाद आणि मी गाडीखाली शिरलो. सगळे नट सैल केले. रबरं जागेवर बसावीत म्हणून आतोबांनी वरून गाडी दाबून हलवली. आम्ही पुन्हा आवळले. निनाद आवळायचा, मी तपासायचे, आणि मला एकाचीही खात्री वाटायची नाही.

रविवारी आतोबा एकटेच गेले. मी बोळाच्या तोंडाशी उभी. सोलापूर रस्त्यावरचे ट्रक, आतोबांचं वय, आमचे हात... परत आले ते टोपी उडाली म्हणून कुरकुरत. मी पुन्हा खाली शिरले. एकही नट हलला नव्हता.

निनादने बाटली पुढे केली. "तू ओढ. माझं धाडस नाही." पॉलिश घट्ट झालं होतं, ब्रश ओढायला जड. प्रत्येक नटावर मी रेघ ओढली. ती तिच्यासारखी सरळ आली नाही.

आतोबा आता रोज सकाळी गाडी काढतात. ते घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत मला चहा जात नाही. बाटली माझ्या टेबलावर आहे, बाबांच्या पत्रकांच्या गठ्ठ्याशेजारी. फोनकडे बघत मी तिचं झाकण पुन्हा एकदा घट्ट करते.